एकोणचाळीस छप्पन्न

४ नोव्हेंबर

बारक्या,

पाकिटावरचं अक्षर तुझ्या वहिनीचं आहे. माझं बघितलं असतंस तर न उघडताच टोपलीत टाकलं असतंस, म्हणून पत्ता मुद्दाम तिच्याकडून लिहून घेतला. आता फसलाच आहेस तर वाच. नाहीतर सूनबाईला वाचू दे, ती निदान मध्येच फाडणार नाही.

सहा वर्षांत तुला फोन किती केले ते मोजले नाहीत. तू उचललेस किती, ते तुलाही माहीत आहे.

आई बरी आहे. गुडघा आता वाकतो, फक्त आम्हाला काम सांगायचं असलं की वाकत नाही. त्या ऑपरेशनच्या वेळी तू दोन दिवस येऊन गेलास, आईशी बोललास, वहिनीच्या हातचा चहा प्यायलास, आणि दवाखान्याच्या जिन्यात माझ्या शेजारून असा गेलास की जणू मी जिन्याचा कठडा. मीही काही बोललो नाही म्हणा. दोघंही एकाच आईची पोरं.

सलून चालू आहे. दुसरी खुर्ची घेतली, पण तिच्यावर कारागीर टिकत नाही. वहिनी म्हणते माझ्या जिभेमुळे. असेल.

शर्यत नेहमीसारखीच, जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी. दहाच किलोमीटर. पुलाचं काम चाललंय म्हणून या खेपेला पाण्याच्या टाकीला वळसा घालून परत यायचं. मी सायकल घेऊन तीनदा रस्ता मोजला. समितीत तेच लोक आहेत: अध्यक्ष दातांचे डॉक्टर, नंबर लिहायला मेडिकलवाल्या बाई, पाण्याच्या टेबलांवर बेकरीवाला, आणि स्टॉपवॉचवर मी. आता बावीस वर्षं झाली.

पण पत्र लिहायचं कारण हे नाही. काल पोस्टमन दाढीला आला होता. तोच, जो त्या वर्षी तुझ्या पाठोपाठ आला होता, एकोणिसावा. साबण लावला, वस्तरा गळ्यावर ठेवला, आणि हा आपला गप्पा मारतोय. म्हणाला, "दादा, तेव्हासारखा मी परत कधी पळलो नाही. चाळीस मिनिटं चार सेकंद."

मी म्हटलं, "चाळीस चार बारक्याची होती. तुझी चाळीस एकोणीस."

"ती तुमच्या कागदावर. माझ्या वहीत चाळीस चार आहे."

वस्तरा तिथेच थांबला. मी म्हटलं, "अरे, मग तेव्हा बोलला का नाहीस?"

तर म्हणतो, "तुम्ही त्याला सगळ्यांसमोर जे बोललात, ते ऐकल्यावर कोण बोलणार?"

मी त्याची उरलेली अर्धी दाढी भराभर उरकली. बहुतेक बाईंच्या हातून नंबर लिहिताना खालीवर झालं असेल. मी बघतो.

पोरीला माझा पापा. मला ती ओळखत नसेल, तरी दे.

दादा


२३ नोव्हेंबर

बारक्या,

बाईंच्या हातून काही झालेलं नव्हतं. आधी तेच लिहितो, कारण मागच्या पत्रात मी त्यांच्यावर ढकललं आणि त्यांनी ते वाचलेलंसुद्धा नाही, तरी मला त्यांच्या दुकानासमोरून जाताना चोरट्यासारखं होतं.

आपली पद्धत तुला पाठ आहे. तरी लिहितो, लिहिताना मलाच नीट दिसतं. मी रेषेवर उभा. माणसाने रेषा ओलांडली की एकदा बटण. घड्याळ वेळा एकापाठोपाठ एक लक्षात ठेवतं, पण कोणाची कुठली ते त्याला कळत नाही. पुढे दोरीच्या गल्लीत सगळे आले त्याच क्रमाने उभे, आणि गल्लीच्या तोंडाशी बाई प्रत्येकाच्या छातीवरचा नंबर लिहितात. मग टेबलावर दोन कागद शेजारी ठेवायचे. पहिली वेळ पहिल्या नंबराला, दुसरी दुसऱ्याला. बस. मध्ये एक बटण राहिलं तर तिथून खालच्या प्रत्येकाला त्याच्या मागच्या माणसाची वेळ मिळते.

आता ऐक. सहा वर्षांपूर्वीचे ते दोन कागद मी माळ्यावरून काढले. वहिनी म्हणाली, "रद्दीत द्यायचे ठेवले होते." नशीब म्हणायचं. मग खुर्चीवर जो बसेल त्याला विचारत सुटलो. गळ्यावर वस्तरा असला की माणूस आठवून आठवून खरं बोलतो. कोणाची वही, कोणाचं मनगटावरचं घड्याळ, कोणाच्या बायकोने कॅलेंडरवर लिहून ठेवलेलं. एकतीस जणांच्या वेळा मिळाल्या. सात तुझ्या पुढचे, चोवीस तुझ्या मागचे.

पुढच्या सातही जणांची वेळ माझ्या कागदाशी जुळते. तुझ्या पुढचा सतरावा, तो लांब पायांचा लाइनमन, त्याची एकोणचाळीस अठ्ठेचाळीस, बरोबर. मागच्या चोवीस जणांतल्या एकाचीही जुळत नाही. पोस्टमनची वेळ तुझ्या नावापुढे, बेकरीवाल्याची (तेव्हा तो अजून पळायचा) पोस्टमनच्या नावापुढे, अशी शेवटपर्यंत. सगळं गाव एक घर सरकलंय.

म्हणजे बटण राहिलं ते तुझ्याच वेळी. दुसऱ्या कोणाच्याही नाही.

आणि आता जे लिहितो ते मी वहिनीलाही सांगितलं नव्हतं. मला त्या दिवशीच कळलं होतं की एक वेळ कमी आहे. नंबर शहाण्णव, वेळा पंच्याण्णव. बाई म्हणाल्याही, "दादा, एक कमी पडतेय, परत बघू या का?" मी त्यांना म्हटलं, शेवटी डॉक्टरांच्या सासूबाई चालत चालत आल्या तेव्हा मी चहा पीत होतो, त्यांचीच राहिली असेल. आणि सासूबाईंच्या नावापुढे अंदाजाने एक तास अडतीस लिहून मोकळा झालो. सासूबाई खूश, डॉक्टर खूश. कागद भिंतीवर लावला.

पाच मिनिटांत तू आलास. घामाने ओलाचिंब, अंगावर टॉवेल. "दादा, काहीतरी गडबड आहे. माझ्या घड्याळात एकोणचाळीस छप्पन्न आहे." आणि मनगट पुढे केलंस.

मी बघितलं नाही. तुला आठवतं ना? मी मनगटाकडे बघितलंच नाही. म्हटलं, "पट्ट्याच्या घड्याळावर बोर्ड रंगवत नसतात. खोटं बोलून नाव लावायचं असेल तर दुसरं गाव बघ." पन्नास माणसं उभी होती. तू दोन महिन्यांत खरोखरच दुसरं गाव बघितलंस.

चार वर्षं तू त्या बोर्डासाठी पळत होतास. क्लबच्या खोलीतला तो काळा बोर्ड, "चाळिशीच्या आत". पहिल्या वर्षी नव्वद किलोचा बारक्या, एक तास बारा मिनिटं, आणि आल्या आल्या माझ्या चपलांवर ओकला होतास. तिथून तू चाळिसावर आलास आणि मी तुला खोटारडा म्हटलं.

बटण कसं राहिलं ते मला माहीत नाही. माणूस आहे, चुकतो. समितीपुढे सगळं मांडणार आहे.

दादा


१४ डिसेंबर

बारक्या,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. दोन शब्द: "वेळ किती?" ना वर नमस्कार, ना खाली सही. पण आईने ते तीनदा उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाली, "लिहिलं तर आहे." सध्या ते तिच्या औषधांच्या डब्यात आहे, हात लावू देत नाही.

वेळ किती. बरोबर जागी बोट ठेवलंस, तू लहानपणापासून असाच. मी तर खुशीत होतो की सगळा घोळ निस्तरला. पोस्टमनला त्याची चाळीस चार परत मिळते, बेकरीवाल्याला त्याची, अगदी सासूबाईंनासुद्धा त्यांची खरी वेळ मिळते, आणि ती मी लिहिली होती त्याहून दोन मिनिटांनी चांगली आहे. अठ्ठ्याहत्तर जणांचं भलं झालं. फक्त तुझी वेळ कुठेच नाही. बटणच दाबलं नाही तर घड्याळ काय देणार?

लाइनमन एकोणचाळीस अठ्ठेचाळीस, पोस्टमन चाळीस चार. तू या दोघांच्या मधला. सोळा सेकंद. त्यातले बारा चाळिशीच्या आतले, चार बाहेरचे. एवढंच कागद सांगतो. बाकी आहे तो तुझा शब्द आणि ते मनगट, जे मी बघितलं नाही.

परवा समिती बसली. डॉक्टरांच्या दवाखान्यात, पेशंट संपल्यावर. मी सगळं सांगितलं. पंच्याण्णव आणि शहाण्णवचं पण. बाई माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "बाई, तुम्ही म्हणाला होतात. मीच ऐकलं नाही." त्या म्हणाल्या, "मी सहा वर्षं हेच म्हणतेय की आपण परत बघायला हवं होतं." मग पर्समधून रुमाल काढून उगाच चष्मा पुसत बसल्या.

डॉक्टर मात्र अडून बसले. "बटण नाही तर वेळ नाही. त्याच्या नावापुढे रेघ मारा."

मी म्हटलं, "रेघ? चार वर्षं पळाला तो पोरगा, त्याला रेघ?"

"दादा, उद्या कोणीही येऊन म्हणेल, माझ्या घड्याळात अमुक आहे. हे वाक्य तुम्हीच आम्हाला शिकवलंत."

तोंडात मारल्यासारखं झालं. खरंच मीच शिकवलं होतं. बेकरीवाला म्हणाला, "अहो, सख्खा भाऊ आहे, सोडा की." तेव्हा माझी अशी सटकली! म्हटलं, "भाऊ आहे म्हणून सोडायचं नाही, म्हणूनच तर एवढं झालं."

शेवटी पोस्टमनने तोंड उघडलं. तो समितीत नाही, बाहेर बाकावर दात दुखतोय म्हणून बसला होता. दारातूनच म्हणाला, "तो माझ्या पुढे होता. शेवटच्या वळणापासून मी त्याची पाठ बघत होतो. सात-आठ सेकंदांचं अंतर होतं, दोन-चार सेकंदांचं नव्हतं. आणि तो माणूस मापात बोलतो. एकोणचाळीस पन्नास म्हणाला असता तरी मी मानलं असतं. पण तो छप्पन्न म्हणाला."

मग डॉक्टर म्हणाले, एक वाट आहे. वेळ लावणाऱ्याने स्वतः, शर्यतीच्या दिवशी, सगळ्या धावणाऱ्यांसमोर सांगायचं की माझं चुकलं आणि मी या माणसाच्या शब्दावर वेळ लिहितो. कोणी हरकत घेतली नाही तर वेळ कायम. "पण मग, दादा, तुम्हाला स्टॉपवॉच सोडावं लागेल. असं एकदा झालेला माणूस परत रेषेवर उभा करता येत नाही."

मी हो म्हटलं. लगेच म्हटलं असं लिहिलं तर तुला खरं वाटणार नाही. आधी डॉक्टरांच्या त्या खुर्चीत जाऊन बसलो, नळातून ग्लासभर पाणी प्यायलो, मग हो म्हटलं.

तुला तर माहीत आहे. बावीस वर्षांत मी एकही शर्यत चुकवली नाही. वहिनीच्या बाळंतपणात अर्ध्या तासासाठी पळून आलो होतो, ते ती अजून ऐकवते. पण हो म्हटलं आणि पायऱ्या उतरताना हलकं वाटत होतं.

तू येशील का, असं विचारणार नाही. पण पोरीला रस्त्याच्या कडेला उभं राहून ओरडायला आवडेल असं आईचं म्हणणं आहे.

दादा


१३ जानेवारी

बारक्या,

तू आला नाहीस. आई आठ वाजल्यापासून पाण्याच्या टेबलाशी खुर्ची टाकून बसली होती, प्रत्येक रिक्षाकडे बघत. मी तिला म्हटलं, सुट्टी मिळाली नसेल. ती म्हणाली, "तू गप्प बस." ती माझ्यावर चिडली आहे, तुझ्यावर नाही, हे तुला कळावं म्हणून लिहितो.

या वर्षी एकशे बेचाळीस जण पळाले. घड्याळ बाईंच्या हातात होतं. नंबर लिहायला लाइनमनची बायको. मला डॉक्टरांनी टाकीच्या वळणावर उभं केलं, लाल झेंडा देऊन. लोकांना म्हणायचं, "इकडे, इकडे, टाकीला वळसा." दोघं तरीही सरळ निघून गेले, त्यांच्या मागे मी चपला हातात घेऊन पळालो. बघणारे फार हसले.

मग बक्षिसांच्या आधी डॉक्टरांनी माइक माझ्या हातात दिला. मी लिहून नेलं होतं, पण कागद खिशातून काढलाच नाही. म्हटलं, सहा वर्षांपूर्वी अठराव्या नंबराच्या माणसाचं बटण माझ्याकडून राहिलं. त्यामुळे त्याच्यासकट एकोणऐंशी लोकांच्या वेळा चुकल्या. ज्यांच्या चुकल्या त्यांची माफी मागतो, खऱ्या वेळा भिंतीवर लावल्या आहेत. अठराव्याची वेळ कोणत्याच घड्याळात नाही. त्याने ती मला सांगितली होती, एकोणचाळीस छप्पन्न. मी ती त्याच्या शब्दावर लिहितो आहे. कोणाची हरकत असेल तर बोला.

कोणी बोललं नाही. मागून सासूबाईंचा आवाज आला, "माझी दोन मिनिटं सहा वर्षं दाबून ठेवलीत होय?" आणि सगळे हसले. पेंटर तिथेच होता, त्याने बोर्ड भिंतीवरून काढून बाहेर आणला. तुझं नाव आता लाइनमनच्या खाली आहे. रंग अजून ओला होता तेव्हा आईने त्याला बोट लावलं, त्यामुळे शेवटच्या अक्षराची शेपटी जरा फराटली आहे. पेंटर नीट करू म्हणाला, आईने करू दिलं नाही.

एवढं झाल्यावर डॉक्टरांनी मला सगळ्यांसमोरच विचारलं, "पण दादा, बावीस वर्षांत एकदाच, आणि तेव्हाच बटण राहिलं कसं?"

मी म्हटलं, डोळ्यांवर ऊन आलं.

लोकांना पटलं. मी घरी आलो, जेवलो, दुपारी आडवा झालो आणि उठून बसलो. ती रेषा शाळेच्या फाटकासमोर आहे, बारक्या. सकाळी तिथे उभं राहिलं की ऊन पाठीवर येतं. डोळ्यांवर येतच नाही. दुसऱ्या पत्रात तुलाही लिहिलं होतं की बटण कसं राहिलं माहीत नाही. माहीत आहे.

नव्या माणसाला रेषेवर उभं करताना मी एकच गोष्ट सांगतो, तोंडं बघायची नाहीत, पाय बघायचे. तोंड बघितलं की माणूस दिसतो आणि अंगठा चुकतो. मी बावीस वर्षं पायच बघत आलो. त्या दिवशी लाइनमनचे पाय गेले, बटण दाबलं. मग ते निळे बूट आले, डाव्या पायाची टाच जरा बाहेर फेकणारे. आणि मी मान वर केली.

तुझं तोंड वाकडं झालं होतं. केस कपाळाला चिकटलेले, आदल्या दिवशी मीच कापलेले. डोळे अर्धे मिटलेले, तुला काही दिसत नव्हतं. आणि मी बघत होतो की हा चाळिशीच्या आत येतोय. हा, जो जिना चढताना दोनदा बसायचा. मी ओरडलो, "आला! आमचा आला!" दोन्ही हात वर केले. घड्याळ हातात होतं, हात हवेत होते. तू रेषा ओलांडून गेलास आणि मी तसाच उभा. खाली घेतले तेव्हा पोस्टमनचे पाय रेषेवर होते.

आयुष्यात मला इतका आनंद दोन-तीनदाच झाला असेल.

आणि लगेच अंगठ्याकडे बघितलं. दाबलं की नाही? मनाला म्हटलं, दाबलं. नंतर एक वेळ कमी पडली तेव्हा म्हटलं, सासूबाईंची. तू मनगट पुढे केलंस तेव्हा माझ्या मनाला कळलं होतं की त्यावर काय असेल. बघितलं असतं तर सगळ्यांसमोर म्हणावं लागलं असतं की हा कडक दादा, भावाला बघून घड्याळ विसरला. मला त्याची लाज वाटली. कशाची लाज वाटली बघ. म्हणून आवाज चढवला.

आई सारखं विचारते, तू चार-चार पानं काय लिहितोस त्याला. खरं तर एकच ओळ लिहायची होती आणि ती लिहायला मला चार पत्रं लागली. त्या दिवशी तिथे खोटं बोलणारा एकच माणूस होता, आणि तो तू नव्हतास.

दादा